पूल खेळून कंबर धरली, कोपर दुखले, तर काय करावे

पूल म्हणजे स्नूकरसारखाच, टेबलावर काठीने चेंडू खिशांत घालायचा खेळ. त्यात धावपळ नाही, धक्काबुक्की नाही. म्हणून दुखणे सुरू झाले की लोक भलतीकडेच बोट दाखवतात: गादी, ऑफिसची खुर्ची, वय. क्यूचे, म्हणजे खेळायच्या काठीचे, वजन जेमतेम अर्धा किलो. त्याने कुणाची पाठ जात नाही, पाठ जाते ती वाकून थांबल्याने. हिशेब सोपा आहे. एका फ्रेमला, म्हणजे डावाला, दहा शॉट धरा, संध्याकाळी दहा फ्रेम झाल्या, म्हणजे शंभर वेळा वाकणे झाले. दर वेळी नेम धरायला दहा सेकंद लागले, तर सोळा-सतरा मिनिटे तुम्ही मान वर उचलून, कंबर मोडून, एका हातावर रेलून पुतळ्यासारखे थांबला होता. मलम त्यानंतरचे. आधी उभे राहणे दुरुस्त करायचे.

टेबल ठेंगणे आहे, हे लक्षात ठेवा

पूलच्या टेबलाचा स्लेट, म्हणजे कापडाखालचा दगड, नियमाप्रमाणे जमिनीपासून २९¼ ते ३१ इंचांवर असतो. स्नूकरचे टेबल कुशनच्या (टेबलाच्या काठाच्या रबरी पट्टीच्या) वरच्या कडेपर्यंत मोजतात, ते ३३½ ते ३४½ इंच भरते. पूलच्या कुशनचा दीडेक इंच धरला तरी पूलचे टेबल खालीच राहते. आपल्याकडच्या बऱ्याच पार्लरांत दोन्ही टेबले एकाच हॉलमध्ये असतात. स्नूकरवर हात बसलेला माणूस पूलवर येताना हनुवटी क्यूला टेकवायची सवयही घेऊन येतो. मग वरचे दोन-तीन इंच वाकणे कंबर आणि मान भरून काढतात.

पूलवर त्याची गरज नाही. खिसे रुंद, अंतर कमी. हनुवटी क्यूच्या चार ते सहा इंच वर असली तरी नेम लागतो. उंच माणसाने ती आणखी वर ठेवावी. १९५४ मध्ये सलग ५२६ चेंडू खिशांत घालणारा अमेरिकी पूल खेळाडू विली मॉस्कोनी बराचसा ताठ उभा राहूनच खेळत असे.

उभे राहायचे कसे

१. नेमाच्या रेषेमागे सरळ उभे राहा. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय रेषेवर, डावा पाय खांद्याएवढ्या अंतरावर आणि थोडा पुढे. डावखुऱ्यांनी उलट.

२. वाका ते खुब्यातून, कमरेतून नको. हा फरक सांगून कळत नाही, म्हणून क्यूच पाठीवर उभा धरा, टिप (बारीक टोक) वर, बट (जाड बूड) खाली. एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. क्यू तीन जागी टेकला पाहिजे: डोक्याची मागची बाजू, खांद्याच्या दोन फऱ्यांमधली जागा आणि माकडहाडाच्या वरचे सपाट हाड. आता ढुंगण मागे ढकलत हळूहळू वाका. ज्या क्षणी क्यू खालच्या हाडावरून सुटतो, तिथे तुमची पाठ गोल व्हायला लागली. बहुतेकांचा क्यू पहिल्या वेळी अर्ध्यातच सुटतो. गुडघे किंचित सैल सोडले की आणखी खाली जाता येते. खेळ सुरू करण्याआधी हे दहा वेळा करा. (केसांना चॉक, म्हणजे टिपेला घासायचा खडू, लागतो; टिप आधी पुसून घ्या.)

३. अजून खाली जायचे असेल तर ती उंची पायांतून कमी करा. पाय आणखी फाकवा, पुढचा गुडघा वाकवा. सहा फुटांच्या आसपास उंची असेल तर दोन्ही गुडघे वाकवले तरी चालतात. पुढचा-मागचा असे दोन्ही गुडघे ताठ ठेवले की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि तो ताण कमरेला बसतो.

४. पुढचा हात कापडावर ठेवून पूर्ण वाकल्यावर तो तळहात क्षणभर उचलून पाहा. तोल पुढे गेला, तर शरीराचा भार मनगटावर होता. पुढचा पाय थोडा पुढे सरकवा आणि पुन्हा पाहा. हात उचलूनही तुम्ही जागेवर राहिलात की उभे राहणे जमले.

५. कुठला चेंडू, किती जोर, स्पिन द्यायचा की नाही, हे सगळे उभ्याने ठरवा. वाकल्यावर फक्त मारायचे. मध्येच विचार बदलला तर सरळ उभे राहा आणि पुन्हा वाका. वाकलेल्या अवस्थेत बेत बदलणाऱ्याचा शॉटही चुकतो आणि कंबरही धरते.

कंबर

समोरचा खेळत असताना खुर्चीत ढेपाळून बसू नका. खुर्चीतही पाठ गोलच राहते, म्हणजे कमरेला आराम नाहीच. उभे राहा, दोन्ही तळवे कमरेवर ठेवा, मागे झुका, दोन सेकंद थांबा, परत या. असे पाच-सहा वेळा.

उसण भरलीच तर खेळ तिथेच थांबवा. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, दहा मिनिटे. मग घरातल्या घरात चालायला लागा. गरम पाण्याच्या पिशवीने कपड्यावरून १५ ते २० मिनिटे शेक द्या. दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने उसण लांबते. पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची घरात पद्धत असेल तर हलका लावू द्या, पाठीवर कुणाला चालवू नका. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्यायची तर दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या. यकृताचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रोज दारू घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी घेऊन उरलेल्या फ्रेम पुऱ्या करणे हा उपचार नाही.

पायात खालपर्यंत कळ जाते, पाऊल उचलता येत नाही, जांघेभोवती बधिर वाटते, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटतो, यातले काही झाले तर शेक-मलमाच्या नादी लागू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

मान आणि चष्मा

वाकल्यावर समोर बघायला मान मागे मोडावी लागते. चष्मा असेल तर ती आणखी मोडते, कारण नजर चष्म्याच्या वरच्या कडेवरून जाते आणि काचेतून दिसावे म्हणून माणूस नकळत डोके उचलत राहतो. चष्मा नाकावरून घसरत असेल तर विचारूच नका. १९८५ चा स्नूकर विश्वविजेता डेनिस टेलर यासाठीच उलटा लावल्यासारखा दिसणारा, डोळ्यांच्या बराच वरपर्यंत जाणारा मोठ्या काचांचा चष्मा घालत असे. तुम्हाला तेवढे टोकाला जायला नको. उंच काचांची फ्रेम घ्या, नाकावरच्या गाद्या चष्मेवाल्याकडून आवळून चष्मा थोडा वर बसवून घ्या. प्रोग्रेसिव्ह काचा वापरत असाल तर खेळापुरता फक्त दूरचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या.

मान अवघडली की कडाकडा मोडून घेऊ नका. ताठ बसा, नजर समोर, हनुवटी आत ओढा (खाली नाही, सरळ मागे), पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, घाम आणि डावा हात दुखणे हे एकत्र आले, तर ते मानेचे दुखणे समजून वाट बघू नका.

कोपर: खरा गुन्हेगार पकड

पूलवाल्यांचे सगळ्यात चिवट दुखणे हेच. कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोटाने दाबले की कळ येते. ओला टॉवेल पिळताना, सांडशीने पातेले उचलताना जाणवते. याला टेनिस एल्बो म्हणतात, टेनिसशी त्याचा संबंध असेलच असे नाही. आतल्या बाजूला दुखत असेल तर तो गोल्फर्स एल्बो. मनगटाला झटका देऊन ब्रेक, म्हणजे डाव फोडणारा पहिला जोरदार फटका, मारणाऱ्यांना तो गाठतो.

कारण बहुतेक वेळा एकच: क्यू आवळून धरणे. मूठ घट्ट झाली की मनगट स्थिर ठेवणारे स्नायू सतत ताणलेले राहतात, आणि ते सगळे कोपराच्या त्या छोट्या हाडावर येऊन बांधलेले असतात. पकड तपासायची युक्ती अशी: नेम धरून वाका आणि मित्राला मागून बट हलकेच ओढायला सांगा. क्यू सहज सरकला तर ठीक. तुम्हीच मागे खेचले गेलात तर पकड जास्त आहे. क्यू बोटांच्या पेरांवर टेकवायचा, तळहातात दाबायचा नाही. बट घामाने निसटतो म्हणून लोक आवळतात, त्यासाठी खिशात छोटा नॅपकिन पुरे.

दुखायला लागल्यावर दोन-तीन आठवडे ब्रेक मारणे बंद, आणि हा व्यायाम सुरू करा. खुर्चीत बसून हात टेबलावर ठेवा, मनगट कडेच्या बाहेर, तळहात जमिनीकडे. हातात अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली. जड वाटली तर अर्धी रिकामी करा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्या, आणि फक्त दुखऱ्या हाताने ते चार सेकंदांत हळूहळू खाली सोडा. १५ वेळा झाले की मिनिटभर विश्रांती, असे तीन वेळा, रोज. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी कळ वाढलेली असेल तर वजन कमी करा. सहा ते बारा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात बरे वाटते आणि लोक सोडून देतात, म्हणून ते परत येते.

खांदा दुखण्याचे कारण वेगळे. कुशनला चिकटलेला पांढरा चेंडू मारताना किंवा जंप (चेंडू उडवायच्या) आणि मासे (चेंडू वळवायच्या) शॉटला बट वर उचलावा लागतो, कोपर खांद्याच्या वर जाते. एखाद-दुसऱ्या शॉटने काही होत नाही. तासभर तोच सराव केला की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. क्यू शक्य तेवढा आडवा ठेवा आणि असे शॉट थोडे थोडे घ्या. मधुमेह असेल आणि हात मागे नेणे महिन्यागणिक कमी होत असेल, तर खेळावर खापर फोडू नका. आखडलेला खांदा मधुमेहात जास्त दिसतो.

मनगट आणि अंगठा

तर्जनीचे कडे करून त्यातून क्यू घालण्याची पद्धत, म्हणजे क्लोज्ड ब्रिज, अंगठ्यावर ताण देते. चाचणी घरी होते: अंगठा मुठीत घालून मूठ करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर झणकन कळ आली तर तिथले आवरण सुजलेले असू शकते. दोन आठवडे ओपन ब्रिज वापरा: तळहात सपाट, अंगठा तर्जनीला टेकवून वर, क्यू त्या खाचेवर. बर्फ रुमालात गुंडाळून १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मोबाइल त्याच अंगठ्याने चालवत राहिलात तर मात्र बरे व्हायला वेळ लागेल.

दमट हवेत क्यू अडखळतो आणि बोटांच्या मध्ये फोड येतात. पावडरीने टेबल खराब होते, पार्लरवालाही ओरडतो. तीन बोटांचा ग्लोव्ह घ्या.

लांबचा शॉट

रेस्ट, म्हणजे क्यू टेकवायची लांब काठी, वापरायला लाज वाटते म्हणून लोक टेबलावर आडवे होतात, एक पाय हवेत, दुसऱ्याचा अंगठा जेमतेम जमिनीला. एक पाय जमिनीवर असावा हा नियमच आहे, पण जांघेचा स्नायू ताणला जातो तो नियम पाळूनही. टेबलाची कड पोटात रुतायला लागली की रेस्ट मागा. जांघेत चमक आली तर पहिले दोन दिवस बर्फ, नंतर शेक, आणि आठवडाभर पाय फाकवून उभे राहणे टाळा.

अपघात

चेंडू ५७ मिलिमीटरचा, १७० ग्रॅमपर्यंत वजनाचा. ब्रेकला बट उचललेला असला की पांढरा चेंडू उडी मारून बाहेर येतो, म्हणून ब्रेकच्या वेळी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहू नका. डोळ्याला लागला तर चोळू नका. अंधुक किंवा दोन-दोन दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

बोटे कुशनच्या लाकडावर आपटली तर सर्वात आधी अंगठी काढा. सूज चढल्यावर ती कापावी लागते. बोट वाकडे दिसत नसेल तर शेजारच्या बोटाला मध्ये कापूस ठेवून चिकटपट्टीने बांधा आणि बर्फ लावा. दोन दिवसांत वाकवता आले नाही तर एक्स-रे काढा. पार्लरच्या जुन्या क्यूवर खेळण्याआधी कापड फिरवा, ते कुठे अडकले तर तिथे लाकडाचे कुसळ आहे, दुसरा क्यू घ्या. चॉकचे हात धुतल्याशिवाय वडापावला लावू नका.

दुखणे गेल्यावर पहिले चार दिवस २० मिनिटेच खेळा, हलके शॉट घ्या आणि ब्रेक समोरच्याला मारू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सांडशीने चहाचे पातेले उचलताना कोपर गप्प राहिले, तर पुढच्या वेळी दहा मिनिटे वाढवा.