एक दाता चुकला आणि दोन दिवस गेले

जुन्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा बांधायला घेतलं तेव्हा टायमिंग गिअर, म्हणजे व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडावेत म्हणून क्रँक आणि कॅमला जोडणारे गिअर, बसवणं हे मला सगळ्यात सोपं काम वाटलं होतं. क्रँकच्या (पिस्टननं फिरणारा दांडा) गिअरवर एक ठिपका, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गिअरवर एक, दोन्ही समोरासमोर आणले की झालं. कव्हर लावलं, स्टार्टर मारला. इंजिन धड पकडेना, मधूनच कार्बोरेटरमधून फटाके. दोन दिवस मी कार्बोरेटरच्याच मागे लागलो होतो. शेवटी कव्हर उघडलं तर ठिपका एक दाता सरकलेला.

एका दात्यानं काय होतं? कॅम निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून त्याला दुप्पट दाते. माझ्याकडे क्रँकला २० होते, कॅमला ४०. एक दाता म्हणजे क्रँकचे तब्बल १८ अंश!

चूक दात्यांच्या तिरकसपणात होती. तिरके दाते एकमेकांत सरकताना गिअर थोडा वळतो. मी तो बाहेर असतानाच ठिपके जुळवले होते, आत पूर्ण बसेपर्यंत खूण निसटली. म्हणून आता थोडं आधीच्या जागेवरून सुरू करतो आणि पूर्ण बसल्यावर ठिपका कुठे येतो ते बघतो. नाही जुळलं तर निमूट बाहेर काढायचं. गिअर फायबरचा असेल तर कडेवर हातोडी अजिबात नको, दाब फक्त मधल्या लोखंडी भागावर.

मग प्लग काढून क्रँक पान्यानं हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठे ठक्क अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असू शकतो. दोन फेऱ्यांनी ठिपके पुन्हा समोरासमोर यायला हवेत. मध्ये आयडलर गिअर (दोघांना जोडणारा तिसरा गिअर) असेल तर मात्र ते लगेच जुळतीलच असं नाही, तिथे घाबरून सगळं खोलत बसू नका.

आणखी एक खोच. ठिपके समोरासमोर आले म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगी पडायची वेळ झाली, असं धरून चालू नका. बऱ्याच इंजिनांत तेव्हा पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह जरा जरा उघडे असतात आणि ठिणगीची पाळी चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याची असते. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) बघून खात्री करा, मगच डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग) बसवा. नाहीतर रोटर, म्हणजे त्यातला फिरणारा भाग, नेमका उलट्या बाजूला. तो प्रसादही मी खाल्लाय, म्हणून आता कव्हर लावण्याआधी ठिपके आणि रोटर दोन्हींचे फोटो काढून ठेवतो.