किलीमांजारो: करंगा ते बराफू, शिखराच्या आदल्या दिवशीची चाल

किलीमांजारो या आफ्रिकेतल्या सर्वांत उंच शिखरावर मचामे किंवा लेमोशो वाटेने जाणाऱ्यांचा चढाईतला शेवटून दुसरा टप्पा म्हणजे करंगा कॅम्प (३,९९५ मीटर) ते बराफू कॅम्प (४,६७३ मीटर). अंतर जेमतेम ४ किलोमीटर, चढ ६८० मीटरच्या आसपास, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढण्यापेक्षाही कमी. त्यामुळे सह्याद्रीत मुरलेली माणसं हा टप्पा दोन तासांत उरकायला जातात आणि रात्री डोकं धरून बसतात. इथं तीन ते चार तास लावायचेच. त्याच मध्यरात्री १,२२२ मीटरची चढाई आहे आणि त्यानंतर उतरणीच्या वाटेवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत जवळजवळ २,८०० मीटरची उतराई. आज वाचवलेला दम उद्या लागणार आहे.

सकाळी आठच्या सुमारास निघा, म्हणजे दुपारी बारापर्यंत बराफू गाठता येतं. करंगाची दरी हे वाटेवरचं शेवटचं पाणी. बराफूवर पाणी नाही, तिथं स्वयंपाकाचं पाणीही पोर्टर इथूनच डोक्यावर वाहून नेतात. म्हणून निघताना स्वतःजवळ ३ लिटर भरून घ्या आणि बराफूवर तोंड धुण्यात पाणी घालवू नका.

कॅम्प सोडताच खडा चढ लागतो. पुढे उघडं, दगडगोट्यांचं माळरान, मग एक छोटी दरी आणि शेवटी कड्यावर नेणारा खडकाळ चढ. चाल इतकी हळू हवी की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. वाटाडे ‘पोले पोले’ म्हणतात त्याचा अर्थ हाच, सावकाश. घाम येऊ देऊ नका. ओला बनियन दुपारच्या वाऱ्यात अंग गारठवतो. पोचलात की आधी कोरडे कपडे, मग रेंजरच्या चौकीत नोंद, मग जेवण.

जेवणाची इच्छा नसते, कारण उंचीवर भूक मरते. तरी दुपारी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास दोनदा खा. भात, बटाटा, सूप असं पचायला हलकं आणि कमी तेलाचं सांगा. सोबत मेतकुटाची पुडी असेल तर नुसता भातही घशाखाली उतरतो.

सॅक उजेडातच भरा. अंधारात, हातमोजे घालून, मंद डोक्याने वस्तू शोधणं म्हणजे हमखास काहीतरी विसरणं. हेडटॉर्चमध्ये नवे सेल घाला आणि जादा सेल, मोबाईल, कॅमेऱ्याची बॅटरी झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. पाण्याच्या पिशवीची नळी वाटेत गोठते, म्हणून रात्रीसाठी रुंद तोंडाच्या दोन बाटल्या, गरम पाण्याने भरून, मोज्यात गुंडाळून उलट्या ठेवायच्या. बर्फ वरच्या बाजूला धरतो, तोंड मोकळं राहतं. चिक्की थंडीत दगडासारखी होते. तिचे छोटे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. राजगिऱ्याची वडी जास्त सोयीची. शिखराआधी विवराच्या कडेवर असलेल्या स्टेला पॉइंटच्या खाली घसारा आहे, उतरताना बुटात खडी शिरते, तेव्हा गेटर (बुटाच्या तोंडावर आणि पोटरीवर चढवायचं आवरण) हाताशी ठेवा. शिखरावर फडकवायचा झेंडा बाहेरच्या कप्प्यात, नाहीतर वर थरथरत्या हातांनी सगळी सॅक उपसावी लागते.

बराफूचा कॅम्प अरुंद, खडकाळ कड्यावर आहे. उजेड असतानाच तंबूपासून शौचालयापर्यंतची वाट चालून बघा. रात्री तिथं पाय घसरून पडणं धोक्याचं आहे.

सहाला आडवे व्हा. झोप लागणार नाही, लागली तरी तुटक. त्याची काळजी करू नका, पडून राहिल्यानेही विसावा मिळतो. झोपेची गोळी मात्र घेऊ नका. अशा गोळ्या श्वास मंदावू शकतात आणि इथं हवाच विरळ आहे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांनी ठरवून दिली असेल तर त्याच मात्रेत चालू ठेवा. शिखरासाठी म्हणून आज पहिल्यांदाच सुरू करू नका.

झोपण्याआधी प्रत्येकाची तपासणी हवी, आणि ती खरी उत्तरं देऊन. पॅरासिटामॉल आणि पाण्याने उतरणारी डोकेदुखी चालते. औषधानेही न थांबणारी डोकेदुखी आणि सोबत उलट्या असतील तर वर जायचं नाही. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचायला लागल्याची शक्यता धरायची. सकाळची वाट बघू नका. म्वेकाची वाट बराफूवरूनच खाली जाते. त्याच वेळी वाटाड्यासोबत उतरा. ऑक्सिमीटरवर एकट्यावर विसंबू नका, बोटं गार असली की तो चुकीचा आकडा दाखवतो.

अकराला उठवतात. चहा, दोन बिस्किटं, आणि बाराच्या सुमारास निघायचं.