जावात कन्स्ट्रक्टरचा क्रम नीट कसा समजून घ्यावा

कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लासचा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड. मूळ क्लास (पेरेंट) आणि त्यावरून बनवलेला क्लास (चाइल्ड) असे दोन असले की कोणाचा आधी चालतो, हा प्रश्न येतो. इंदूरला भंवरकुआच्या कोचिंगमधून मुले ‘आधी पेरेंट, मग चाइल्ड’ एवढे पाठ करून येतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे, आणि मुलाखतीत नेमके उरलेलेच विचारतात.

१. ‘दुकान’ हा क्लास लिहा, त्यावरून ‘सराफादुकान’ एक्स्टेंड करा, म्हणजे दुकान पेरेंट आणि सराफादुकान चाइल्ड. दोन्ही कन्स्ट्रक्टरमध्ये एकेक प्रिंट टाकून चालवा. आधी दुकान छापले जाईल.

२. आता दुकानाच्या कन्स्ट्रक्टरला ‘नाव’ हा पॅरामीटर द्या. चाइल्ड लगेच कंपाइल व्हायचा थांबतो. तुम्ही चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपर (पेरेंटचा कन्स्ट्रक्टर बोलावणारी ओळ) लिहिले नाही की कंपायलर गुपचूप रिकामा सुपर() घालतो, आणि पेरेंटकडे तसा कन्स्ट्रक्टर आता उरलेला नाही. ‘पेरेंटमध्ये एक रिकामा कन्स्ट्रक्टर टाकून द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अजिबात ऐकू नका, त्याने बिननावाची दुकाने तयार होतात. चाइल्डमधून सुपर(नाव) असे पाठवा.

३. खरी गोची इथे आहे, मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. सराफादुकानात ‘पदार्थ’ हे साधे फील्ड (ऑब्जेक्टमधली माहितीची जागा) ठेवा, तिथेच त्याला ‘गराडू’ (तळून खातात तो कंद) ही किंमत, म्हणजे व्हॅल्यू, द्या. दुकानाच्या कन्स्ट्रक्टरमधून पाटी() ही मेथड बोलवा आणि सराफादुकानात ती ओव्हरराइड करून, म्हणजे त्याच नावाने नव्याने लिहून, पदार्थ छापा. चालवल्यावर गराडू नाही, ‘नल’, म्हणजे काहीच न भरलेले, छापले जाते!

कारण क्रम असा आहे: पेरेंटची फील्ड, पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरचा मजकूर, त्यानंतर चाइल्डची फील्ड, शेवटी चाइल्डचा मजकूर. पाटी() मात्र पेरेंट चालू असतानाच चाइल्डची धावते. तेव्हा गराडू अजून कढईतच आहेत. कंपायलर यावर चूक दाखवत नाही. पुढे कुठेतरी भलत्याच जागी नल पॉइंटर एक्सेप्शन येते आणि माणूस तिकडेच शोधत बसतो.

म्हणून कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कधीही बोलवू नका. ती प्रायव्हेट किंवा फायनल करा, नाहीतर पदार्थही सुपरमधूनच वर पाठवा. जावा 25 पासून सुपरच्या आधी ओळी लिहिता येतात आणि स्वतःचे फील्डही भरता येते, फक्त त्या फील्डला घोषणेतच किंमत दिलेली नसावी. तरी मी पहिलाच नियम पाळायला सांगेन.

४. स्टॅटिक ब्लॉक (ऑब्जेक्टचे नव्हे, क्लासचेच असलेले कोडचे तुकडे) क्लास पहिल्यांदा वापरात येताना एकदाच चालतात, तेही आधी पेरेंटचे.

५. हाच प्रयोग सी प्लस प्लसमध्ये केलात तर पेरेंटचीच पाटी() चालेल. पायथनमध्ये चाइल्डने स्वतःचा इनिट (तिथला कन्स्ट्रक्टरसारखा भाग) लिहिला की पेरेंटचा आपोआप चालतच नाही, तो सुपर()मधून तुम्हालाच बोलवावा लागतो.