आर्डुइनो नॅनोवर ओएलईडी काळाच राहतो, कंपाइल मात्र नीट होतं: माझा अनुभव

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसाठी पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र केलं. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड), एसडी कार्ड, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी (छोटा स्क्रीन). कंपाइलला (प्रोग्राम बोर्डासाठी तयार होताना) रॅमचे, म्हणजे चालू मेमरीचे, १,१५० बाइट वापरलेले दिसले, म्हणजे २,०४८ पैकी ८९८ शिल्लक. तरी स्क्रीन काळाच.

वायरी, स्क्रीनचा अॅड्रेस (बोर्ड त्याला ज्या क्रमांकाने ओळखतो तो), दुसरा ओएलईडी, सगळं करून झालं. दोन रविवार गेले. वैतागून लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी३२ (जास्त मेमरीचा, वायफायवाला बोर्ड) आणला. त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात आणि माझ्या पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा इको (परत येणारा सिग्नल) ५ व्होल्टचा, म्हणजे नवा खटाटोप.

मग स्क्रीन सुरू करणारी 'बिगिन' ही आज्ञा काय परत देतंय ते छापलं: फॉल्स, म्हणजे सुरूच झाला नाही! स्क्रीनसाठी मी वापरलेली अॅडाफ्रूटची लायब्ररी (तयार कोड) चित्रासाठी १,०२४ बाइट चालू झाल्यावर मागते, म्हणून कंपाइलच्या आकड्यात ते दिसतच नाहीत. शिल्लक तर ८९८च.

उपाय याच क्रमाने: अॅडाफ्रूटच्या सगळ्या ओळी काढा. यू८जी२ लायब्ररी टाका, पण त्यातला यू८एक्स८ हा फक्त अक्षरांचा प्रकार घ्या. त्याला बफर, म्हणजे अख्खं चित्र साठवायची ती जागा, लागत नाही. 'बिगिन'नंतर आधी 'सेटफॉन्ट' (फॉन्ट निवडणं), मगच 'ड्रॉस्ट्रिंग' (मजकूर लिहिणं). फॉन्ट विसरलात तर स्क्रीन पुन्हा काळाच (मी विसरलो होतो).

१६ अक्षरांच्या ८ ओळी मिळतात. 'टाकी ७०%' लिहायला इंग्रजी अक्षरं पुरतात. आलेख किंवा वायफाय हवं असतं, तर ईएसपी३२च घेतला असता. तो सध्या खणात पडून आहे.