नेट बंद, गेम चालू: मित्रांचे कॉम्प्युटर वायरने कसे जोडावेत

दिवाळी किंवा गड्डा यात्रा आली की पुण्यात नोकरीला गेलेली मित्रमंडळी सोलापुरात परततात. प्रत्येकाच्या बॅगेत लॅपटॉप असतो, जुळे सोलापुरात कुणाच्या तरी घरी वरची खोली रिकामी असते, आणि तरी सगळे मोबाइलवर आपापला गेम खेळत बसतात. कारण विचारलं तर, "नेट स्लो आहे बे." एका खोलीत बसून खेळायला नेट लागतंच कशाला? मशीन एकमेकांना जोडली की काम झालं. यालाच लॅन म्हणतात.

सामान

चौघे असाल तर घरातला वायफाय राउटर पुरेल, माळ्यावर पडलेला जुनासुद्धा. त्याच्या मागे साधारण चार लॅन पोर्ट असतात. वेगळ्या रंगाचा, नेटची वायर येते तो पोर्ट सोडून द्या. पाच-सहा जण असतील तर आठ पोर्टचा नेटवर्क स्विच (अनेक मशीनच्या लॅन वायरी एकत्र जोडणारी डबी) आणा आणि तो एका वायरने राउटरला जोडा. घ्यायचाच असेल तर गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसचा घ्या. खेळाला १०० एमबीपीएसही भरपूर होतं, पण १० जीबीचा गेम एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी करायला त्यावर पाऊण-एक तास नाही तरी पंधरा मिनिटं जातात. गिगाबिटवर, डिस्क बरी असेल तर, दोनेक मिनिटांत होतं. लॅनची वायर कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रकारची. १०० मीटरपर्यंत ती चालते, म्हणजे खालच्या हॉलमधून गच्चीवर नेली तरी काळजी नाही. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो.

दोघंच असाल तर एक वायर थेट दोन्ही मशीनमध्ये लावा. आजकालच्या मशीनना त्यासाठी क्रॉस केबल (पूर्वी लागायची ती उलटसुलट जोडणीची खास वायर) लागत नाही.

वायफायवरही जमतं, पण पाच जण एकत्र आले की गोळीबाराच्या गेममध्ये नेमका नेम धरताना झटका बसतो. नाइलाज असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरा. राउटरचं पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क नको, त्यात बहुतेक वेळा मशीन एकमेकांना दिसतच नाहीत.

जोडणी

वायर लावल्यावर पोर्टवरचा दिवा लागला का, ते आधी बघा. राउटर असेल तर तो प्रत्येक मशीनला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्या मशीनचा नंबर) आपोआप देतो. नेट बंद असलं तरी. नुसता स्विच किंवा थेट वायर असेल तर पत्ते वाटणारं कुणी नसतं, मग नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने दिलेले बरे: पहिल्याला १९२.१६८.१.११, दुसऱ्याला १९२.१६८.१.१२ असे पुढे, आणि सबनेट मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०. एकच पत्ता दोघांना गेला की भांडण ठरलेलं.

आता कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून मित्राचा पत्ता पिंग करा, म्हणजे त्याच्या मशीनला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा. एक मिलिसेकंदाहून कमी वेळ दिसला की झकास. उत्तर आलं नाही तर लगेच वायर उपटू नका, विंडोजचा फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारेकरी) पिंगलाही अडवतो.

खरी गोची फायरवॉलची

"मला सर्व्हर (ज्या मशीनवर सगळ्यांचा गेम चालतो ते) दिसेना" ही तक्रार दहातली नऊ वेळा इथेच येऊन थांबते. नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' असेल तर तो 'प्रायव्हेट' करा. नुसत्या स्विचवर गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा, म्हणजे राउटरचा पत्ता) रिकामा असतो, म्हणून विंडोज त्या नेटवर्कला अनोळखी समजून पब्लिकच ठेवतं. अशा वेळी फायरवॉलच्या यादीत त्या गेमपुढच्या 'प्रायव्हेट' आणि 'पब्लिक' या दोन्ही चौकटींवर टिक करा. फायरवॉल अख्खा बंद करणं सोपं, पण पेनड्राइव्ह फिरत असलेल्या खोलीत ते करू नये. कुणाचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला आडवाटेने जोडणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर तोही बंद करायला सांगा. एवढं करूनही यादीत नाव येत नसेल, तर गेममध्ये सर्व्हरचा आयपी थेट टाका.

गेम

सगळ्यांकडे एकच व्हर्जन हवं. काही गेम लॉगिनसाठी नेट मागतात, हे आदल्या दिवशी तपासा. मोफत आणि बिनधास्त कॉपी करता येणारे हवे असतील तर गोळीबारासाठी झोनोटिक, राज्य उभारायला झीरो ए.डी., निवांत रेल्वे चालवायला ओपनटीटीडी. सगळ्यात दमदार मशीनवर गेम होस्ट करा, म्हणजे सर्व्हर तिथे ठेवा.

वीज आणि ऊन

६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १,३०० वॉटच भार चालतो. ग्राफिक्स कार्डवाले पाच डेस्कटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले तर बोर्ड तापेल. दोन-तीन सॉकेटवर वाटून घ्या. होस्टचं मशीन आणि स्विच यूपीएसवर ठेवा. बाकी कुणाची लाइट गेली तर तो एकटा बाहेर पडतो, होस्ट बंद पडला तर सगळ्यांचा डाव जातो. एप्रिल-मेमध्ये खेळणार असाल तर कूलरचा ओला वारा सरळ सीपीयूवर येऊ देऊ नका.

ज्यांनी हाताने आयपी दिला, त्यांनी उठण्याआधी सेटिंग पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर आणावं. नाही तर हिंजवडीतल्या ऑफिसात सोमवारी नेट चालणार नाही, आणि फोन तुम्हालाच येईल.