कॅथलिक साहित्य अभ्यासायचंय? आधी पुस्तकं बदलून घ्या

एम.ए.चं दुसरं वर्ष सुरू झालं की प्रबंधिकेच्या विषयाचं बोलायला मुलं येतात. त्यातली काही हटकून माझ्या विषयापाशी घुटमळत असतात. त्यांचे साधारण दोन गट पडतात. एका गटाने आधी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे सिनेमे पाहिलेले असतात, मग ती कादंबरी लिहिणारा इंग्रज लेखक टोल्कीन वाचलेला असतो आणि हा माणूस पक्का कॅथलिक होता हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं. दुसऱ्या गटाला २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या मेसेजांच्या गर्दीत, मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूची ओवी भेटलेली असते. दोघांनाही ‘श्रद्धा आणि कल्पनाशक्ती’ असं काहीतरी करायचं असतं. मी दोघांनाही एकच सांगते : पुस्तकं बदलून घ्या. टोल्कीनवाल्यांनी आधी ‘क्रिस्तपुराण’ वाचायचं आणि ओवीवाल्यांनी टोल्कीन. बरेच जण यावर हसतात आणि पुन्हा येत नाहीत. जे येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या घरात संध्याकाळी हरिपाठ असायचा आणि आषाढात पालखी पुण्यात आली की शाळेला दांडी. या विषयाला ते आडवं आलं नाही, उलट उपयोगीच पडलं. देव आपल्या बोलीत येतो, जेवतो, दळू लागतो, हे ज्याने लहानपणी ऐकलंय त्याला कॅथलिक कल्पनाशक्तीची निम्मी वाट आधीच चालून झालेली असते. भाकर, द्राक्षारस, पाणी, तेल, मेणबत्ती अशा साध्या वस्तूंतून कृपा पोचते, ही कॅथलिक धर्माची मूळ धारणा आहे. ती मनात ठेवली नाही तर पुढचं सगळं साहित्य नुसतं प्रतीकांचं कोडं होऊन बसतं.

आता स्टीफन्स. सगळ्यांना पाठ असते ती ओवी अशी :

जैसी हरळांमाजी रत्नकिळा ।
कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा ।
भासा मराठी ॥

इथे टाळ्या पडतात आणि पुस्तक मिटलं जातं. या ग्रंथात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. आधी विश्वाची उत्पत्ती आणि जुना करार, मग ख्रिस्ताचं चरित्र, असे त्याचे दोन भाग. थॉमस स्टीफन्स इंग्लंडमध्ये जन्मला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणं जिवावर बेतू शकत होतं, तेव्हा तो देश सोडून रोमला गेला, येशूसंघात (जेझुइट धर्मगुरूंच्या संघात) दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, तो तिकडेच राहिला. पुराण छापलं गेलं १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला, तेही रोमन लिपीत. त्याच्या हयातीतली छापील प्रत आज कुठेही हाती लागत नाही. हस्तलिखितांवरून केलेली आवृत्ती १९०७ साली मंगळूरला निघाली. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलूंनी संपादित केली आणि ती १९५६ मध्ये आपल्या पुण्याच्याच प्रसाद प्रकाशनाने काढली. नेल्सन फलकाव या सेल्सियन फादरांनी अलीकडे आधुनिक मराठीतही ते आणलं आहे. नवख्याने तो अनुवाद शेजारी ठेवावा, पण वाचावी मूळ ओवीच.

आणि मोठ्याने वाचावी. ही सूचना हौशी वाटते, पण सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. डोळ्यांनी वाचाल तर पाचव्या अवस्वरूला (अध्यायांना तिथे अवस्वरू म्हणतात) जांभया येतील. चालीवर म्हणाल तर कळेल की या परक्या माणसाने मराठी श्रोत्याचा कान ओळखला होता. स्वर्गाला तो बेधडक वैकुंठ म्हणतो. लंडनला देवनागरीतलं एक हस्तलिखित आहे. त्यात पोर्तुगीज वळणाच्या शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. या दोन पाठांची तुलना करण्यातच एक अख्खी प्रबंधिका दडलेली आहे. कोणाला हवी असेल तर घ्या, मी काही ती आता करत नाही.

इथे एक गोष्ट टाळून चालणार नाही. हे पुराण शांत, समजूतदार काळात लिहिलेलं नाही. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना मारलं, आणि नंतर पोर्तुगिजांनी तिथल्या गावकारांना (गावच्या प्रमुखांना) बोलणीसाठी बोलावून दगाफटक्याने ठार केलं. त्या पाच जणांचे मृतदेह परत मिळवण्यात स्टीफन्सचा हात होता. पुराणाच्या सुरुवातीला नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विनवतो, की जुनी पुराणं बंद झाली, तर आम्हाला वाचायला दुसरं काही द्या. या विनवणीत भक्तीही आहे आणि हिरावून घेतलेल्याची भूकही आहे. माझ्या पाहण्यातले बहुतेक निबंध यातलं एकच ऐकतात. काही गहिवरतात, काही संतापतात. परीक्षकालाही सहसा दोन्हीपैकी एकच हवं असतं, तेव्हा गाइड, म्हणजे मार्गदर्शक, निवडताना जपून.

स्टीफन्सची कल्पनाशक्ती कुठे घडली हे शोधायचं तर येशूसंघाचा संस्थापक असलेल्या लोयोलाच्या इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ वाचाव्या लागतात. १५४८ मध्ये पोपने मान्यता दिलेलं हे छोटं पुस्तक. ते वाचायचं कमी आणि करायचं जास्त, म्हणून विद्यार्थी त्याला हमखास कंटाळतात. पण ख्रिस्तजन्माचं ध्यान कसं करायला सांगितलंय ते पाहा. नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणायचा. तो किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून जाणारा? गुहा केवढी, उंच की ठेंगणी, आत काय काय मांडलेलं? मग आपण स्वतः एक दीन नोकर होऊन तिथे हजर राहायचं आणि त्या कुटुंबाला काय हवं-नको ते बघायचं. आपल्याकडची मानसपूजा माहीत असलेल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. फरक आहे तो असा, की इथे देवापुढे उपचार मांडायचे नसतात, घडलेल्या प्रसंगात आपण शिरायचं असतं. प्रत्येक येशूसंघीय ही साधना करतो. म्हणजे स्टीफन्सनेही केली असणार, आणि पुराणातले प्रसंग तो रस्त्याच्या लांबी-रुंदीसकट का सांगतो याचं एक उत्तर इथे मिळतं.

टोल्कीनकडे यायला या वाटेने आलं की बरं पडतं. नाहीतर मुलं पहिल्याच आठवड्यात तक्ता करतात : हा पांढरा जादूगार म्हणजे ख्रिस्त, ती अरण्यातली राणी म्हणजे मरिया, ती प्रवासाची भाकर म्हणजे ख्रिस्तप्रसाद (उपासनेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर). तक्ता पूर्ण चुकीचा नसतो, पण त्यातून प्रबंधिका होत नाही. टोल्कीनला रूपककथा मनापासून नावडत असे आणि तसं त्याने प्रस्तावनेत लिहूनच ठेवलंय. त्याच वेळी १९५३ च्या डिसेंबरात, येशूसंघात दाखल झालेल्या रॉबर्ट मरी या मित्राला तो कळवतो, की आपली कादंबरी मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत आणि पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. म्हणूनच, तो म्हणतो, त्या जगातून पूजाअर्चा, पंथ वगैरे जवळजवळ सगळं आपण काढून टाकलं, कारण धर्म कथेतच मुरलेला आहे. तीन खंडांत एक देऊळ सापडत नाही, आणि तरी लेखक म्हणतो की हे कॅथलिक आहे. तुमचा प्रश्न इथून सुरू होतो.

मग तो धर्म मुरला कुठे? मी दोन जागा दाखवते, बाकीच्या तुम्ही शोधा. पहिली म्हणजे दिनदर्शिका. जिच्या नाशासाठी सगळी कथा चालते ती मुद्रिका, म्हणजे अंगठी, नष्ट होते २५ मार्चला. कॅथलिक पंचांगात हा देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधीचा. तिच्या नाशासाठी नऊ सोबती निघतात तो दिवस २५ डिसेंबर. कथेत या सणांचा कुणी उच्चारही करत नाही. २५ मार्च ही तारीख ओझरती येऊन जाते, डिसेंबरची तर परिशिष्टातच पडून असते.

दुसरी जागा जास्त अवघड आहे. मुद्रिका नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो. कड्यावर उभा राहून मुद्रिका टाकायला तो नकार देतो. काम तडीस जातं ते कोणे एके काळी गॉलम नावाच्या एका लुच्च्या, दयनीय जिवाला मारायचं टाळलं होतं म्हणून. जुनी दया अशी फळाला येते, आणि तीही दया करणाऱ्याच्या पराक्रमाने नाही. परीकथांवरच्या निबंधात (मूळ व्याख्यान १९३९, सेंट अँड्र्यूज) टोल्कीनने अशा अनपेक्षित सुखद कलाटणीलाच परीकथेचं सर्वोच्च काम म्हटलंय, आणि ख्रिस्ताचं पुनरुत्थान ही त्या कलाटणीची खरी घडलेली गोष्ट असं मानलंय. हे पटो न पटो, त्याचं लेखन या पायावर उभं आहे. वेळ कमी असेल तर कादंबरी बाजूला ठेवून त्याची नीगल नावाच्या चित्रकाराची छोटी कथा वाचा. १९४५ मध्ये ती ‘डब्लिन रिव्ह्यू’ या कॅथलिक नियतकालिकात आली. शुद्धिस्थानाची (मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेची) कल्पना इतकी कमी पानांत आणि इतकी हलक्या हाताने मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

एक खबरदारी. टोल्कीनचा मित्र सी. एस. लुईस कॅथलिक नव्हता, अँग्लिकन होता. त्याच्या ‘नार्निया’ या कादंबरीमालेला या विषयात कोंबू नका, तुलनेला घ्या. हाच घोळ मराठीतही होतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक प्रॉटेस्टंट परंपरेतले, नगरच्या अमेरिकन मिशनच्या वर्तुळातले. स्टीफन्सचे ते वारस आहेत असं सरसकट लिहिलेलं मी संपादित पुस्तकांतही वाचलंय. बोलतानाही फरक कळतो. कॅथलिक घरात फादर, मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना), जपमाळ, आगमनकाळ हे शब्द येतील, तर दुसरीकडे पाळक आणि उपासना. सप्टेंबरात नगर जिल्ह्यातल्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला जाऊन या. मरियाभक्ती पुस्तकात वाचण्यात आणि तिथली गर्दी बघण्यात फार अंतर आहे.

पुण्यात साधनं कुठे मिळतील? विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय तर आहेच. नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आणि पेपल सेमिनरी आहे. ही सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली. ईश्वरशास्त्राची पुस्तकं तिथेच शोधावीत. जाण्याआधी विभागाचं पत्र घ्या आणि आधी विचारून जा. शनिवार पेठेत स्नेहसदन आहे, येशूसंघीयांचं, पेठेतल्या माणसांशी मराठीत बोलण्याची सवय असलेलं. ‘निरोप्या’ मासिकाचे जुने अंक मिळाले तर सोडू नका. जर्मन येशूसंघीय हेन्री डोरिंग यांनी ते १९०३ साली सुरू केलं. साध्या ख्रिस्ती माणसाची भक्ती मराठीत कशी बोलते, हे ग्रंथांपेक्षा तिथे जास्त सापडतं. अप्पा बळवंत चौकात या विषयाचं फारसं काही मिळत नाही, तिकडे परीक्षेची गाइडं घ्यायला जा.

मिस्सेला जायचं का, हा प्रश्न लाजत लाजत विचारला जातो. जा. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा, ख्रिस्तप्रसाद मात्र घ्यायला जाऊ नका, तो कॅथलिकांसाठीच असतो. एकच दिवस जमणार असेल तर ईस्टरच्या आदल्या रात्री जा. बाहेर अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावून अंधाऱ्या देवळात आणतात, आणि एकेका हातातल्या मेणबत्तीने उजेड पसरत जातो. मग वाचनं सुरू होतात : विश्वाची उत्पत्ती, समुद्र दुभंगून झालेली सुटका, संदेष्टे, आणि शेवटी रिकामी कबर. स्टीफन्सच्या पुराणाच्या दोन्ही भागांचा आराखडा इथे एका रात्रीत कानांवर पडतो. हे ऐकल्यानंतर ख्रिस्ताचं चरित्र सांगायला त्याने विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात का केली, असा प्रश्न पडत नाही.

नोकरीचं विचारतात म्हणून सांगते. ‘कॅथलिक साहित्याचा तज्ज्ञ’ अशी जाहिरात महाराष्ट्रात निघत नाही. प्राध्यापकीसाठीची सेट किंवा नेट परीक्षा मराठीतून वा इंग्रजीतून द्या आणि विषय पीएचडीसाठी राखा. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट पुणे विद्यापीठच घेतं. पोर्तुगीज शिकलात तर गोव्यातल्या कागदपत्रांचं दार उघडतं, आणि लॅटिन थोडी आली तरी अनुवादाची कामं मिळू शकतात. इंग्रजी विभागात नाव घातलं तर स्टीफन्स ‘प्रादेशिक’ म्हणून बाजूला पडतो आणि मराठीत घातलं तर टोल्कीनवर भुवया उंचावतात. मी मराठीत घातलं आणि टोल्कीनसाठी भांडले. तुम्हाला भांडायचं नसेल तर तौलनिक साहित्याचा अनुभव असलेला गाइड आधी शोधा, शीर्षक नंतर ठरवा.