विणकाम आणि वाचन एकत्र करताना : या चुका टाळा

दिवाळी सरली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत लोकरीच्या पिशव्या बाहेर येतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याच्या दिवसांत, ऊन पडेल तेव्हा गच्चीवर, मांडीवर पुस्तक आणि हातात सुया अशी बैठक जमते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटल्यावर ‘सध्या काय विणता आहात?’ आणि ‘काय वाचता आहात?’ हे दोन्ही प्रश्न एकमेकींना विचारले जातात. हा जोडछंद मला फार मोलाचा वाटतो आणि म्हणूनच त्यातील चुकांविषयी सविस्तर लिहीत आहे. स्वेटरमध्ये राहणारे बरेचसे दोष विणीचा आणि पुस्तकाचा मेळ न बसल्यामुळे, म्हणजे दोघांनीही एकाच वेळी डोळे मागितल्यामुळे, निर्माण होतात.

वीण आणि पुस्तक यांची जोडी

सर्व ओळी सुलट असलेली वीण, किंवा एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी साधी वीण, सरावलेल्या हाताला न पाहता जमते. एक सुलट एक उलट अशी काठाची वीणही बोटांच्या स्पर्शाने ओळखता येते. वेणीची वीण, जाळी आणि दोन रंगांची नक्षी यांना मात्र डोळे लागतातच, त्यामुळे अशा कामाबरोबर छापील पुस्तक घेऊ नये. त्या वेळी ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकावे किंवा घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावे. मुंढा (बाही जोडण्याची जागा) आणि गळा यांसाठी टाके कमी करताना तर ऐकणेही थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेथे दोन्ही बाजूंचा हिशेब सारखा राहावा लागतो. काळी किंवा गडद निळी लोकर रात्रीच्या दिव्यात नीट दिसत नाही. ती दुपारच्या उन्हासाठी ठेवावी आणि रात्री फिक्या रंगाचे काम घ्यावे.

पुस्तकाचीही निवड करावी लागते. जाड ठोकळा आपोआप उघडा राहत नाही, आणि तो कोपराने दाबून धरला की एका हाताचा ताण बदलतो. पोथी वाचण्यासाठी असते तशा घडीच्या लाकडी स्टँडवर पुस्तक ठेवल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. कथासंग्रह, पत्रे, प्रवासवर्णने ओळीच्या शेवटी सहज थांबवता येतात, तर श्वास रोखायला लावणाऱ्या कादंबरीत नकळत धागा आवळला जातो आणि तेवढ्या ओळींचा पट्टा वेगळा दिसू लागतो.

येथे नमुन्याच्या तुकड्याचा, म्हणजे स्वेटर सुरू करण्यापूर्वी माप पाहण्यासाठी विणायच्या लहान तुकड्याचा, प्रश्न येतो. बहुतेक जणी हा तुकडा लक्षपूर्वक, शांतपणे विणतात आणि स्वेटर मात्र वाचत वाचत विणतात. मग मापे जुळत नाहीत. समजा तुकड्यावर 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आले, तर 110 टाक्यांचा भाग 50 सेंटिमीटर रुंद होईल. वाचताना हात सैल पडून तेथे 20 टाकेच बसू लागले, तर तोच भाग 55 सेंटिमीटर होतो, आणि पुढचा व मागचा भाग मिळून छातीचा घेर 10 सेंटिमीटरने वाढतो. म्हणून नमुन्याचा तुकडा त्याच जागी, तेच पुस्तक समोर ठेवून विणावा. शुद्ध लोकर असेल तर तो धुऊन, वाळवून मगच मोजावा.

ओळीच्या मध्ये थांबू नये

प्रकरण रंगात आले म्हणून ओळ अर्धवट सोडून सुया खाली ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पुन्हा काम उचलताना दिशा उलटली, तर त्या जागी लहान भोक पडते आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. तेथपर्यंत उसवण्याखेरीज त्याला चांगला उपाय नाही. थांबावेच लागले तर एवढे लक्षात ठेवावे की शेवटी विणलेल्या टाक्यातून निघणारा धागा ज्या सुईवर असतो, ती सुई उजव्या हातात धरायची.

टाके आपोआप वाढत असतील तर दोन जागा तपासाव्यात. सुलट ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला गेला की काठाचा पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि एकाचे दोन विणले जातात. धागा नेहमी सुईखालून मागे न्यावा. काठाच्या विणीत सुलटानंतर उलट टाका घेताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणला नाही, तर सुईवर एक जादा फेरा बसतो. हा फेरा पुढच्याच ओळीत दिसला तर न विणता सोडून द्यावा. त्यातील सैलपणा शेजारच्या टाक्यांत वाटला जातो. निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने सुलट बाजूकडून एकेक आडवा धागा ओढत वर आणता येतो. मुंढ्याचे काम सुरू करण्यापूर्वी सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवला, तर उसवण्याची वेळ आली तरी काम त्या दोऱ्यापाशी थांबते.

दुसरीला सांगताना

‘आठ नंबरच्या सुया घेतल्या’ एवढेच सांगणे अपुरे असते. आपल्या दुकानांत मिळणारी जुन्या ब्रिटिश मापाची 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची असते, तर अमेरिकन मापातील 8 नंबर 5 मिलिमीटरचा. 10 नंबरच्या बाबतीत तर हा फरक 3.25 आणि 6 मिलिमीटर इतका मोठा आहे. परदेशी नमुना पाहून विणणाऱ्या मैत्रिणीला म्हणून मिलिमीटरच सांगावेत. त्याबरोबर लोकरीचे एकूण वजन, 10 सेंटिमीटरमधील टाके आणि वेष्टनावरील रंगाच्या घाण्याचा (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीच्या खेपेचा) क्रमांक सांगावा, कारण तोच रंग दुसऱ्या घाण्यातला असेल तर छटेत फरक पडू शकतो.

पुस्तकाबद्दल सांगतानाही ‘छान आहे’ यावर थांबू नये आणि शेवटही फोडू नये. प्रकरणे लहान आहेत की लांब, भाषा सावकाश वाचायला लावणारी आहे का, आणि कोणत्या विणीबरोबर ते वाचले, हे विणणाऱ्या वाचकाला खरोखर उपयोगी पडते.

पुस्तकात खूण म्हणून सुई घालू नये; बांधणी ढिली होते, आणि पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर ते नुकसान पुढच्या वाचकाच्या वाट्याला जाते. त्याऐवजी जाड कागदाची पट्टी वापरावी व तिच्यावर पेन्सिलीने ओळींचा हिशेब, सुईचे माप आणि टाके लिहीत जावे. पुस्तक परत करण्यापूर्वी पट्टी काढून लोकरीच्या पिशवीत ठेवावी, आणि पानांच्या बेचक्यात अडकलेले लोकरीचे तंतू मऊ ब्रशने झटकून घ्यावेत.